पिशवी बाद झाली, माणसाचे काय?

रक्तदान शिबिरात टेबलाच्या एका कडेला छोट्या भांड्यात मोरचुदाचे निळे पाणी ठेवलेले असते. बोटाला टोचून काढलेला रक्ताचा थेंब त्यात सोडतात. थेंब सरळ तळाला गेला की हिमोग्लोबिन पुरेसे आहे असे धरतात. तरंगत राहिला तर दात्याला परत पाठवतात. त्याआधी एक फॉर्म भरायचा असतो. वय अठरा ते पासष्टच्या आत आहे का, वजन पंचेचाळीस किलोच्या वर आहे का, मागचे रक्तदान कधी केले, कावीळ झाली होती का, अंगावर नुकतेच गोंदवून घेतले आहे का. बहुतेक जण "नाही, नाही, नाही" अशा खुणा करत सुटतात. मागे रांग असते, मंडपात ऊन असते, सरबताचे ग्लास मांडलेले दिसत असतात. याच फॉर्मवर आणखी एक प्रश्न असतो, आणि तिथे हात सहसा थांबत नाही: तपासणीत काही दोष आढळला तर तुम्हाला कळवावे का?

हिपॅटायटिस सी आणि रक्तदाते यांच्याबद्दल जे सांगायचे, ते या एका प्रश्नापाशी येऊन थांबते. पण त्याआधी आकड्यांतून जायला हवे, कारण या विषयावर लिहिणारे बहुतेक जण आकड्यापाशीच थांबतात.

आकड्यांआधी जागा पाहू. नालवाडी वर्धा शहराला खेटून आहे. विनोबा पवनारला जाण्याआधी, १९३० च्या दशकात, इथे राहिले.  आज इथल्या माणसाला रक्त लागले तर तो एक तर सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाकडे धावतो, नाही तर सावंगी (मेघे) इथल्या आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयाकडे, नाही तर जिल्हा सामान्य रुग्णालयाकडे. एवढ्या लहान परिघात एवढी मोठी रुग्णालये असलेली ठिकाणे ग्रामीण महाराष्ट्रात फार नाहीत. म्हणून इथे रक्ताची मागणीही मोठी आहे. बाळंतपणे, अपघात, कॅन्सर आहेतच. त्यात विदर्भाचा जुना सोबती सिकलसेल. या मागणीला पुरे पडायला शिबिरे होतात. आंबेडकर जयंतीला होतात, गांधी जयंतीला होतात, गणपतीत होतात, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला होतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, कॉलेजे बंद असतात, शिबिरे आटतात आणि पेढ्यांमधल्या फ्रिजचे कप्पे रिकामे दिसू लागतात.

गोळा झालेल्या प्रत्येक पिशवीची कायद्याने पाच तपासण्यांतून सुटका नाही: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, गरमी (सिफिलिस) आणि मलेरिया. यात हिपॅटायटिस सी सर्वात उशिरा आली. भारतात ही तपासणी २००१ पासून सक्तीची झाली. हा विषाणू ओळखलाच गेला १९८९ साली. त्याआधी रक्त चढवल्यानंतर होणाऱ्या या काविळीला डॉक्टर "ए नाही, बी नाही" असे नकाराचे नाव देऊन मोकळे व्हायचे. ज्यांच्या कामातून हे कोडे सुटले त्या हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राईस यांना २०२० चे नोबेल मिळाले.

आता प्रमाण. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने देशभरच्या रक्तपेढ्यांचा जो आढावा घेतला, त्यात २०१५ च्या रक्तसंकलनात हिपॅटायटिस सी साठी दोषी निघालेल्या नमुन्यांचे प्रमाण ०.३४ टक्के होते. हिपॅटायटिस बी ०.८७, एचआयव्ही ०.१४. म्हणजे हजार पिशव्यांमागे तीन-चार पिशव्या सी मुळे बाद. तेव्हा देशातल्या सर्वात जास्त रक्तपेढ्या महाराष्ट्रात होत्या, तीनशेहून अधिक. त्यामुळे या आकड्यात आपला वाटाही मोठा.

सुट्या अभ्यासांकडे वळले की चित्र विस्कटते. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या लोणीच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयातून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साडेपाच हजारांहून अधिक दात्यांमध्ये सी चे प्रमाण ०.७४ टक्के निघाले, बी १.०९ टक्के आणि एचआयव्ही फक्त ०.०७ टक्के. दिल्लीच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या सुमारे एकोणतीस हजार दात्यांच्या अभ्यासात, २००७ साली, सी ०.६६ टक्के होता. तिथले जवळजवळ सगळे दाते स्वेच्छेचे नव्हते, रुग्णाच्या बदल्यात रक्त द्यायला आलेले होते. राजस्थानातल्या जोधपूरच्या जुन्या अभ्यासात प्रमाण ०.३ टक्क्याच्याही थोडे खाली होते. इकडे ०.३, तिकडे ०.७. वाचणारा म्हणतो, लोणीत आजार जोधपूरच्या दुपटीहून जास्त आहे. तसे म्हणता येत नाही. का येत नाही, हे थोडे तपशिलात पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे तपासणी काय मोजते. रक्तपेढीत सहसा एलायझा होते. शहाण्णव खळ्यांची प्लॅस्टिकची पाटी, प्रत्येक खळीत एका दात्याचे थेंबभर रक्तद्रव. शेवटी ज्या खळीला रंग चढला तो नमुना "रिअ‍ॅक्टिव्ह". हा रंग विषाणूचा नसतो, विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांचा असतो. हिपॅटायटिस सी झालेल्यांपैकी साधारण चौथा हिस्सा माणसे औषधाशिवाय आपोआप बरी होतात, पण त्यांच्या रक्तातली ही खूण वर्षानुवर्षे राहते. शिवाय काही नमुने कारण नसतानाही रंग दाखवतात.

समजा दहा हजार दाते आले आणि खरी लागण हजारात तीन जणांना, म्हणजे तीस जणांना होऊन गेली आहे. समजा आपले किट खऱ्या तीसच्या तीस जणांना पकडते, आणि निरोगी माणसाला निरोगी म्हणण्यात शंभरातून साडेनव्याण्णव वेळा बरोबर ठरते. किट उत्तमच म्हणायचे. तरी उरलेल्या ९,९७० निरोगी दात्यांपैकी सुमारे पन्नास जणांच्या खळीला रंग चढेल. म्हणजे पाटीवर दिसणारे दोषी ऐंशी, त्यातले खरे तीस, आणि त्या तिसातही आज अंगात जिवंत विषाणू असलेले जेमतेम बावीस-तेवीस. पेपरात छापून येईल ०.८ टक्के. ज्या संशोधकाने दोषी नमुने दुसऱ्या किटवर पुन्हा तपासले, त्याचा आकडा ०.३ च्या जवळ येईल. आजार तेवढाच, आकडे दोन.

दुसरी गोष्ट, दाते कोण. रक्तदाता हा गावाचा सरासरी नमुना नसतो. तो प्रौढ, धडधाकट, वजन आणि हिमोग्लोबिन पुरेसे असलेला, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा पुरुष असतो. ज्याला कावीळ आठवते तो फॉर्मवरच गळतो. जो वर्षातून दोनदा देतो तो मागच्या वेळी तपासून झालेला असतो. असे नेहमीचे दाते जिथे जास्त, तिथे प्रमाण आपोआप खाली येते. उलट जिथे रुग्णालयाच्या व्हरांड्यात नातेवाइकांना "आधी दोन पिशव्या आणा" असे सांगितले जाते, तिथे आयुष्यात पहिल्यांदा सुई टोचून घेणारे येतात, आणि कधी कधी कागदावर मेहुणा असलेला पण प्रत्यक्षात पैसे घेऊन आलेला माणूसही येतो. तो फॉर्मवर खरे सांगणार नाही. सांगितले तर त्याचे पैसे जातील.

पैशासाठी रक्त देण्याने काय होते याचा सर्वात भीषण पुरावा महाराष्ट्रातूनच आलेला आहे, आणि तो विसरला जाऊ नये. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या संशोधकांनी १९९५ मध्ये पश्चिम भारतातल्या धंदेवाईक प्लाझ्मादात्यांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांच्यात हिपॅटायटिस सी ची खूण शंभरात ऐंशीहून अधिक जणांत सापडली. ऐंशी टक्के. प्लाझ्मा देताना रक्त काढून घेतात, त्यातला पाण्यासारखा भाग वेगळा करतात आणि तांबड्या पेशी दात्याच्या अंगात परत सोडतात, म्हणून माणूस पुन्हा पुन्हा देऊ शकतो. या ये-जा करण्यात साधने नीट निर्जंतुक नसली तर एकाचा विषाणू साऱ्यांचा होतो. गरीब माणसे पोटासाठी रक्त विकत होती आणि त्या बदल्यात यकृताचा आजार घेऊन घरी जात होती. त्यांच्यापैकी किती जण पुढे जलोदराने, रक्ताच्या उलटीने गेले असतील, हे कुठल्या तक्त्यात नाही.

पुढच्याच वर्षी, ४ जानेवारी १९९६ रोजी, 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि धंदेवाईक रक्तदान बंद करायला सांगितले. १ जानेवारी १९९८ पासून ते बेकायदा ठरले. राष्ट्रीय आणि राज्य रक्त संक्रमण परिषदा याच निकालातून उभ्या राहिल्या. हाच धडा अमेरिकेने आधी गिरवला होता. ऑल्टर जिथे काम करत होते तिथे १९७० च्या सुमाराला विकत घेतलेले रक्त बंद करून फक्त स्वेच्छेचे घेणे सुरू केले, सोबत बी ची तपासणी आली, आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर होणारी कावीळ शंभरात तिसावरून दहा-अकरावर आली. सी ला तेव्हा नावसुद्धा नव्हते. रक्त कोणाकडून घ्यायचे एवढे बदलले आणि न दिसणारा विषाणूही बराचसा बाहेर राहिला. स्वेच्छेच्या, नियमित दात्याचे मोल यंत्रापेक्षा जास्त आहे असे मी म्हणतो ते याच कारणाने.

यंत्राचीही बाजू आहे, आणि ती नाकारण्यासारखी नाही. आज कोणाला दूषित सुई टोचली तर एक-दोन आठवड्यांत विषाणू रक्तात फिरू लागतो, पण प्रतिपिंडे एलायझाला दिसायला साधारण दोन महिने लागतात. मधल्या काळात तो माणूस शिबिरात आला तर थेंब बुडेल, खळीला रंग चढणार नाही, पिशवीवर शिक्का बसेल. त्या एका पिशवीतून तांबड्या पेशी एकाला, प्लेटलेट दुसऱ्याला, प्लाझ्मा तिसऱ्याला. न्यूक्लिक अ‍ॅसिड तपासणी, जिला सगळे नॅट म्हणतात, ती थेट विषाणूचा शोध घेते आणि हा आंधळा काळ काही दिवसांवर आणते. आपल्याकडे ती सक्तीची नाही, आणि तिचा खर्च मोठा आहे.

ज्याला आयुष्यात एकदा रक्त लागते त्याच्या दृष्टीने हा धोका फार छोटा आहे. पण थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागते. वर्षाला वीस पिशव्या धरल्या तर पंधराव्या वर्षापर्यंत त्या मुलाच्या अंगात तीनशे अनोळखी माणसांचे रक्त गेलेले असते. छोटा धोका तीनशे वेळा. २०२२ च्या मे महिन्यात नागपुरात थॅलेसेमियाच्या चार मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचे आणि त्यातले एक मूल दगावल्याचे समोर आले, तेव्हा विदर्भभरच्या आईवडिलांच्या पोटात गोळा आला होता. निदान अशा मुलांना, आणि वारंवार रक्त लागणाऱ्या सिकलसेलच्या रुग्णांना, नॅट झालेलेच रक्त मिळावे आणि त्याचा भार सरकारने उचलावा, ही मागणी मला अतिशय रास्त वाटते. सगळ्यांसाठी कधी करायचे यावर वाद घालावा. यांच्यासाठी वाद नको.

दात्यांच्या आकड्याबाहेर कोण राहते, याचाही विचार करायला हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीतले रक्तनमुने तपासले तेव्हा सर्वसाधारण लोकसंख्येत सी ची खूण ०.३२ टक्के आणि बी ०.९५ टक्के आढळली. दात्यांचे ०.३४ आणि लोकांचे ०.३२, जवळजवळ सारखेच, म्हणून दोन्ही एकच मानण्याचा मोह होतो. पण माणसे वेगळी आहेत. दात्यांच्या रांगेत बाया फार थोड्या असतात, कारण मोरचुदाच्या पाण्यात त्यांच्यातल्या अनेकींचा थेंब तरंगतो. आणि २००१ च्या आधी ज्यांना बाळंतपणात, सिझरमध्ये, गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेत रक्त चढवले गेले, त्या सगळ्या बायाच. ते रक्त सी साठी तपासलेले असण्याची खात्री नव्हती. त्या बाया आज पन्नाशी-साठीच्या आहेत. नातवंडे खेळवतात, गुडघे दुखतात म्हणतात, थकवा वयाचा आहे म्हणून सोडून देतात. हा विषाणू वीस-तीस वर्षे आवाज न करता यकृत पोखरतो. त्या कधी रक्त द्यायला जाणार नाहीत, म्हणून कुठल्याही रक्तपेढीच्या अभ्यासात त्या येणार नाहीत. नालवाडीतल्या आशाताईंनी दारोदारी जाताना एवढा एकच प्रश्न विचारला तरी खूप होईल: मावशी, बाळंतपणात तुम्हाला रक्त चढवले होते का?

रक्ताशिवाय बाकीच्या वाटा सगळ्यांना ठाऊक आहेत पण कोणी त्यांना गंभीरपणे घेत नाही. सुई घेतल्याशिवाय दवाखान्यात गेल्यासारखे न वाटणारा आपला समाज. दोन हजारच्या दशकात देशभर झालेल्या एका मोठ्या पाहणीत सुमारे ६३ टक्के इंजेक्शने असुरक्षित निघाली होती. जत्रेत एकाच सुईने दिवसभर गोंदणारा माणूस, पाते न बदलणारा वस्तरा, एकाच सिरिंजमधून नशा करणारी पोरे. पंजाबात हा आजार इतका पसरला की राज्याने २०१६ मध्ये स्वतःची मोफत उपचार योजना काढली. इजिप्तमध्ये तर सरकारनेच दुसऱ्या एका आजारासाठी दशकानुदशके गावोगावी इंजेक्शने दिली, काचेच्या सिरिंज पुरत्या उकळल्या गेल्या नाहीत, आणि देशच्या देश बाधित झाला. त्याच इजिप्तने २०१८ नंतर कोट्यवधी लोकांची तपासणी करून आणि औषध देऊन हा आजार जवळपास आटोक्यात आणला.

म्हणजे तो आटोक्यात येतो. इथे आपली सारी चर्चा अजून वीस वर्षे मागे आहे. गावात अजून कावीळ म्हटले की गळ्यात माळ घालून ती उतरवणारा आठवतो, आणि हिपॅटायटिस सी म्हटले की लोक "पांढरी कावीळ, त्याला औषध नाही" म्हणून मान हलवतात. बी ला लस आहे पण मुळासकट बरे करणारे औषध नाही. सी ला लस नाही पण औषध आहे. सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर या दोन गोळ्या, रोज एकदा, बारा आठवडे. शंभरात पंचाण्णवच्या आसपास रुग्ण पूर्ण बरे होतात. यकृत आधीच कडक झाले असेल तर औषध बदलते, कधी मुदतही वाढते. सोफोसबुविर अमेरिकेत डिसेंबर २०१३ मध्ये आले तेव्हा एका गोळीची किंमत हजार डॉलर होती. भारतीय कंपन्यांनी परवाना घेऊन ती बनवली आणि २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ती सरकारी केंद्रांवर फुकट मिळू लागली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे भारतात सी चे रुग्ण सुमारे ५५ लाख आहेत. त्यातल्या बहुतेकांना आपण रुग्ण आहोत हेच माहीत नाही.

आणि इथे रक्तपेढी पुन्हा समोर येते. माहीत नसलेल्या या लोकांपैकी काही जण दरवर्षी स्वतःच्या पायांनी चालत येऊन, हात पुढे करून, आपले रक्त तपासायला देऊन जातात. देशात त्या एका वर्षात, २०१५ मध्ये, एक कोटीहून जास्त पिशव्या जमल्या. ०.३४ टक्क्यांनी हिशेब केला तर चौतीस हजारांहून जास्त दोषी नमुने. खोटे दोषी वजा केले तरी हजारो माणसे उरतात, तरुण, कमावती, यकृत अजून फारसे न बिघडलेली, तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरी होणारी. रक्तपेढी काय करते? पिशवी वेगळी काढते, नियमाप्रमाणे नष्ट करते, नोंदवहीत लिहिते. पुढच्या रुग्णाच्या बाजूने हे काम चोख होते. दात्याला कळवावे, त्याचे समुपदेशन करावे, त्याला उपचार केंद्राकडे पाठवावे, असे मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. प्रत्यक्षात शिबिरात घाईने लिहिलेला मोबाइल नंबर एका आकड्याने चुकलेला असतो. पत्ता "नालवाडी, वर्धा" एवढाच असतो. फोन लागला तर पलीकडून बायको उचलते आणि इकडच्या माणसाला काय बोलावे सुचत नाही. खरे कारण सांगता येत नाही आणि कारण न सांगता "रक्तपेढीत येऊन जा" म्हटले की घरात एचआयव्हीची कुजबुज सुरू होते. माणूस येत नाही. किंवा येतो, "तुम्ही आता कधीच रक्त देऊ नका" एवढे ऐकतो आणि अपराध्यासारखा परत जातो.

त्याला जे सांगायला हवे ते दहा मिनिटांचे आहे. ही पहिली चाळणी आहे, अजून काही ठरलेले नाही. आता विषाणूची थेट तपासणी करायची, ती जिल्ह्याच्या केंद्रावर फुकट आहे. विषाणू निघाला नाही तर तुम्ही बरे झालेले आहात किंवा चाळणीने चूक केली. निघाला तर बारा आठवडे गोळ्या. एका ताटात जेवल्याने, पोराचा मुका घेतल्याने, एका घागरीतले पाणी प्यायल्याने हा आजार लागत नाही. दाढीचे पाते आणि दात घासायचा ब्रश मात्र वेगळा ठेवा. बायकोचीही एकदा तपासणी करून घ्या. दारू सोडा. आणि एक गोष्ट आधीच समजून घ्या: पूर्ण बरे झाल्यावरही खळीला रंग चढतच राहील, म्हणून रक्त मात्र पुढे देता येणार नाही. तो आजाराचा शिक्का नव्हे, झालेल्या लढाईचा वण आहे.

हे सांगायला रक्तपेढीत एक शांतपणे बोलणारा माणूस आणि एक बंद दार असलेली खोली लागते. रक्तपेढी आणि हिपॅटायटिस केंद्र यांच्यात एक नोंदवही लागते, ज्यात दोषी निघालेल्या दर दात्यापुढे लिहिलेले असेल: कळवले, आला, विषाणूची तपासणी झाली, गोळ्या सुरू झाल्या, बरा झाला. यातले काहीही महाग नाही. सेवाग्राम, सावंगी आणि जिल्हा रुग्णालय काही किलोमीटरच्या आत असलेल्या या भागात ते जमू नये असे काही नाही. पुढचा आढावा कोणी लिहील तेव्हा त्याने "किती टक्के दोषी" या रकान्याशेजारी "त्यातले किती उपचारापर्यंत पोचले" हा रकाना घालावा. प्रमाण ०.३ असो की ०.७, हा दुसरा रकाना रिकामा असेल तर पहिल्या आकड्याचा उपयोग फक्त पिशवीला झाला, ज्याने ती भरून दिली त्याला नाही.

येत्या दोन ऑक्टोबरला गावात मंडप पडेल, खाटा मांडल्या जातील, निळे पाणी भरले जाईल. फॉर्म भरून घेणाऱ्या पोरांनी "कळवावे का" या प्रश्नावर थोडे थांबावे. दादा, हे वाचले का, असे विचारावे. मोबाइल नंबर एकदा परत म्हणून घ्यावा, आणि तो दात्याचा स्वतःचा आहे का तेही विचारावे. मागची रांग दोन मिनिटे थांबेल.